एका शेतात अनेक पिके



कोको हे मूळचे अमेरिका खंडातील, सावलीत वाढणारे झाड. केरळ-कर्नाटकात ते नारळी-पोफळींच्या छायेत रुजले. कोकणातील लाखीबागेतही नारळाखाली मिरी, जायफळ, दालचिनी नांदतात.

नागपूरचा उन्हाळा कोकोला सोसवणार नाही. परंतु त्यामागील तत्त्व विदर्भाला परके नाही. कपाशीत तुरीच्या ओळी पेरणारा येथील शेतकरी ते पिढ्यान्‌पिढ्या जाणतो. अमरावती जिल्ह्यातील सुभाष पाळेकर यांनी पंचस्तरीय शेतीतून तेच मांडले. २०१६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

एकाच नगदी पिकावर संसार टांगला, की एक कीड घर बुडवते. २०१७ मध्ये गुलाबी बोंडअळीने विदर्भाला हे दाखविले. म्हणून शेतीशी नाते असलेल्या प्रत्येक कुटुंबाने आपल्या गावी एवढा आग्रह धरावा : कपाशीत तूर असावी, बांधावर झाडे असावीत.