नकार लेखी द्या

 

वर्षभराच्या घडामोडींचा आढावा परिषदेच्या अध्यक्षाने घ्यावा, अशी प्रथा आहे. यंदा सांगण्यासारखं पुष्कळ आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चारही श्रमसंहिता लागू झाल्या. वेतनाची नवी व्याख्या, ग्रॅच्युइटी, मुदतीची नोकरी या सगळ्यांवर इथे स्वतंत्र सत्रं आहेत आणि त्या सत्रांचे वक्ते अध्यक्षापेक्षा अधिक तयारीने बोलतील. अध्यक्षाच्या वाट्याचा वेळ मात्र एका अशा प्रश्नाला द्यायचा आहे, ज्याला एकाही परिषदेत सत्र मिळालेलं नाही. मालकाने हक्काची रजा अडवली, तर कामगाराच्या हातात काय उरतं?

कायद्यात पुष्कळ काही आहे. १९४८ च्या कारखाने कायद्यात वर्षाला २४० दिवस काम केलेल्याला दर वीस दिवसांमागे एक दिवस भरपगारी रजा होती. व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती यांच्या नव्या संहितेच्या ३२ व्या कलमाने ती अट १८० दिवसांवर आणली. शिल्लक रजा तीस दिवसांपर्यंत पुढच्या वर्षात नेता येते. पण याच कलमात, जुन्या ७९ व्या कलमातून आलेलं, एक वाक्य आहे: अर्ज करूनही जी रजा दिली गेली नाही, ती कोणत्याही मर्यादेविना पुढे नेता येते. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात साठवणीची मर्यादा ४५ दिवसांची आहे. पंधरा दिवस आधी मागितलेली रजा मालकाने नाकारली, तर त्या मर्यादेवरच्या दिवसांचे पैसे मागण्याचा हक्क कामगाराला मिळतो.

दोन्ही कायद्यांचा पाया एकच आहे. अर्ज झाला आणि नकार आला, हे दिसलं पाहिजे. नेमका तोच पाया प्रत्यक्षात उखडला जातो, कारण नकार तोंडी असतो.

भोसरी-चाकण पट्ट्यातल्या एका कारखान्यातला टर्नर. घर कोकणात. गणपतीच्या आधी महिनाभर त्याने रजेचा अर्ज सुपरवायझरच्या हातात दिला. ‘बघू’, असं उत्तर मिळालं. पुन्हा विचारलं, तेव्हा ‘ऑर्डर निघू दे, मग बोलू’. चतुर्थीच्या आदल्या रात्री तो निघून गेला आणि परतल्यावर त्याच्या हातात आरोपपत्र पडलं: विनापरवानगी गैरहजेरी. चौकशीत कंपनीच्या साक्षीदाराने सांगितलं की अर्ज दफ्तरी नाही. ते खरंही होतं; अर्ज सुपरवायझरच्या खणातून दफ्तरापर्यंत पोचलाच नव्हता. गैरहजेरी हेतुपुरस्सर होती हे सिद्ध झाल्याशिवाय ती गैरवर्तन ठरत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये कृष्णकांत परमार प्रकरणात म्हटलं आहे. ते प्रकरण मात्र केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्याचं होतं. शिवाय न्यायालयाच्या पायरीपर्यंत पोचेतो टर्नरची नोकरी टिकायला हवी ना!

त्याच पट्ट्यातली एक बाई, पॅकिंग विभागातली. तिने प्रत्येक अर्ज दोन प्रतींत लिहिला, एका प्रतीवर आवक विभागाची पोच घेतली आणि त्या प्रती घरी पत्र्याच्या पेटीत ठेवल्या. नोकरी सोडताना फुल अँड फायनलच्या हिशोबात कंपनीने तिची रजा तीस दिवसांवर छाटली. पोच असलेले कागद टेबलावर आले आणि नाकारलेले सगळे दिवस हिशोबात परत आले. वकिलाला युक्तिवाद करावाच लागला नाही.

आता कागदाची जागा मोबाइलमधल्या ॲपने घेतली आहे. हिंजवडीतल्या तरुणांचे अर्ज महिनोन्‌महिने ‘पेंडिंग’ राहतात. मंजूर नाही, नामंजूरही नाही. राजीनामा दिला की लॉगिन बंद होतं आणि अर्जाचा मागमूस कर्मचाऱ्याच्या हातून जातो. स्क्रीनचा फोटो काढून ठेवा, हे सांगण्याची वेळ प्रस्तुत अध्यक्षावर वारंवार येते.

व्यवस्थापनातले मित्र म्हणतात, रजा हा हक्क नव्हे, ती सवलत आहे. हे वाक्य सरकारी नियमांतलं आहे. नागरी सेवेच्या रजा नियमांत रजा हक्क म्हणून मागता येत नाही, असं लिहिलेलं आहे. ते नियम शासकीय नोकरांचे. कारखान्याच्या नोटीसबोर्डावर त्यांना जागा नाही. १९४८ च्या कायद्यात तर उलट तरतूद होती: नकार ठरलेल्या रजा-योजनेला धरून नसेल, तर अर्ज नाकारताच येत नव्हता. उत्पादन थांबू नये म्हणून रजेची तारीख बदलावी लागते, हे मान्य. पण तारीख बदलणं म्हणजे रजा बुडवणं नव्हे.

सहकाऱ्यांमधला जुना वाद रोखीचा. कामगारालाच पैसे हवे असतात, मग रजेचा आग्रह कशाला, असं अनेक जण विचारतात. नाशिकच्या अंबड भागातल्या एका फिटरला निवृत्तीच्या वेळी रजेची चांगली रक्कम मिळाली. चेक घेताना तो म्हणाला, वडील आजारी होते तेव्हाचे यातले चार दिवस हवे होते. त्यानंतर हा वाद प्रस्तुत अध्यक्षाने मनातून संपवला. इतिहासही हेच सांगतो: कामगार पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने एप्रिल १८९० मध्ये मुंबईत गिरणी कामगारांची मोठी सभा भरली, तिथे दोन स्त्री कामगारही बोलल्या, आणि १० जून १८९० ला रविवारची सुट्टी मान्य झाली. त्या माणसांनी मागितला होता तो दिवस, त्याची किंमत नव्हे. किमान तीन आठवड्यांच्या रजेचा आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा १९७० चा करार, क्रमांक १३२, भारताने अजून स्वीकारलेला नाही, याची खंत या सभागृहात तरी व्यक्त व्हायला हवी.

परिषदेने काही कामं हाती घ्यावीत. मराठीत रजेच्या अर्जाचा सोपा नमुना छापून संघटनांमार्फत वाटावा. नियमांत दुरुस्ती सुचवणारं निवेदन तयार व्हावं: नकार लेखी, कारणासह आणि पर्यायी तारखेसह; ठरावीक मुदतीत उत्तर न आल्यास रजा मंजूर. मुदत किती, हे समितीने ठरवावं. समितीची नावं संध्याकाळपर्यंत जुळवता येतील.

व्यवस्थापनाच्या मित्रांनी मात्र समितीची वाट पाहू नये. परत गेल्यावर पडून राहिलेले अर्ज काढा. ज्यांना रजा देता येते त्यांना द्या. ज्यांना देता येत नाही त्यांना तसं लिहून कळवा आणि त्याच कागदावर पुढची तारीख द्या.