बांध वरून शाबूत, आतून पाझर



आपल्या पेठ तालुक्यात भातखाचराच्या बांधाला खेकडा बीळ पाडतो. बांध वरून शाबूत दिसतो, पाणी मात्र आतून पाझरत राहते. मधुमेह, म्हणजे साखरेचा आजार, डोळ्यांचे असेच करतो. रक्तातली साखर वर्षानुवर्षे वाढलेली राहिली की डोळ्याच्या मागच्या पडद्यातल्या बारीक रक्तवाहिन्या पाझरू लागतात. डोळा दुखत नाही, सुरुवातीला नजरही कमी होत नाही. म्हणून माणूस गाफील राहतो. गेलेली नजर बहुधा परत येत नाही; वेळीच लेसर किंवा इंजेक्शन घेतले तर उरलेली राखता येते.

तेव्हा एवढे करा :

१) तिशी ओलांडली असेल तर आरोग्य केंद्रात साखर तपासून घ्या. उपाशीपोटी १२६ किंवा जास्त आली तर पुन्हा तपासून खात्री करा.

२) साखर निघाली तर, चांगले दिसत असले तरी, दरवर्षी डोळ्यांत थेंब घालून पडदा तपासून घ्या. चष्म्याचा नंबर काढणे म्हणजे ही तपासणी नव्हे.

३) गोळ्या आपल्या मनाने बंद करू नका. भात बेताने खा. नागलीची भाकरी चांगली, पण तीही मोजून. तंबाखू सोडा.

४) हा आजार मूत्रपिंडही बिघडवतो, पाय बधिर करतो, काटा रुतलेला कळत नाही. आवणीहून आल्यावर पाय धुवा, कोरडे करा, तळवे पाहा.

पावसाळ्यात बांधावर रोज फेरी मारता ना? मग डोळ्यांसाठी वर्षातून एक दिवस काढा.