मातीतलं लाल औषध



इटलीतल्या कास्तेल देल मोन्ते या जुन्या किल्ल्याजवळची माती.
1950च्या दशकात संशोधकांनी ती तपासली.
तिच्यात सापडला लालभडक रंग तयार करणारा जीवाणू.

त्यातून आधी डॉनोरुबिसिन हे औषध मिळालं.
पुढे त्याच जीवाणूत बदल घडवून डॉक्सोरुबिसिन.

हे औषध पेशीच्या डीएनएत शिरतं.
मग कर्करोगाच्या पेशीला वाढताच येत नाही.
स्तनाच्या कर्करोगावर, लिम्फोमावर ते आजही दिलं जातं.

सलाईनच्या नळीतून ते लाल रंगातच उतरतं.
नंतर एक-दोन दिवस लघवीही लालसर होते.
तो औषधाचा रंग. घाबरू नये.

जपायचं ते हृदय! या औषधाने त्याला इजा होऊ शकते.
म्हणूनच आधी हृदयाचा इको करतात, एकूण मात्राही मर्यादेत ठेवतात.

पुन्हा सांगायला हवं: हृदयाची तपासणी चुकवू नये.
धाप लागली, पाय सुजले, तर डॉक्टरांना लगेच सांगावं.
उपचार संपून वर्षं लोटली असली, तरीही.