पाखरं ओळखणारे आपल्या यादीत हवेत



पुण्यातल्या या पक्षिमित्र संमेलनाचे अध्यक्षपद आपण मला दिलेत, त्याबद्दल मनापासून आभार मानते आणि थेट विषयावर येते. आपल्या निसर्गभ्रमंतीला कोण येते, आणि कोण येत नाही?

पुण्याला निसर्गअभ्यासाची मोठी परंपरा आहे. प्रकाश गोळे यांनी १९८२ मध्ये इकॉलॉजिकल सोसायटी सुरू केली. हेमा साने यांनी गरवारे महाविद्यालयात वर्षानुवर्षे वनस्पतिशास्त्र शिकवले. आज वेताळ टेकडी, पाषाण तलाव, कवडीपाट इथे सुट्टीच्या सकाळी दुर्बिणी गळ्यात अडकवून माणसे जमतात, याचा मला अभिमान आहे. पण त्या घोळक्यात पारधी, कातकरी, धनगर घरांतली मुले जवळजवळ दिसत नाहीत. मुली कॉलेजात असेपर्यंत येतात, लग्नानंतर बहुतेकींचे येणे थांबते.

फासेपारध्यांचेच बघा. जमिनीत काड्या रोवून त्यांना फासे बांधायचे, शिकवून तयार केलेल्या गाईच्या आडोशाने पुढे सरकायचे, तित्तराला तित्तराच्याच आवाजात साद घालायची, ही त्यांची पिढीजात विद्या. पाखरू कोणत्या गवतात, कोणत्या वेळी, कशाच्या ओढीने येते हे ठाऊक असल्याशिवाय ती साधत नाही. १८७१ च्या कायद्याने अशा कितीतरी जमातींवर जन्माने गुन्हेगार असल्याचा शिक्का मारला. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायद्याने पुसला गेला, लोकांच्या नजरेतून मात्र गेला नाही. पुढे १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला. शिकारबंदी योग्यच होती आणि मी तिच्या बाजूने ठाम उभी आहे. पण बंदूक खाली ठेवून कॅमेरा हाती घेणाऱ्या हौशी शिकाऱ्याला आपण निसर्गप्रेमी म्हटले, आणि ज्याचे पोटच शिकारीवर होते त्या पारध्याला संशयित ठरवले. हा अन्याय आपल्या चळवळीने उघडपणे मान्य केला पाहिजे.

वेगळे घडू शकते, याचा दाखला विदर्भात आहे. अकोला-वाशिमच्या माळरानांवर कौस्तुभ पांढरीपांडे आणि त्यांची ‘संवेदना’ ही संस्था फासेपारध्यांना सोबत घेऊन गवताळ प्रदेश आणि तणमोर राखण्याचे काम करत आली आहे. पावसाळ्यात तणमोराचा नर गवतातून सरळ वर उसळी घेतो, पंख फडफडवतो आणि पुन्हा गवतात दिसेनासा होतो. जगात अतिसंकटग्रस्त ठरलेल्या या पक्ष्याची जागा ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे, त्यांना वगळून त्याचे संवर्धन होणार कसे? निसर्गलेखक मारुती चितमपल्ली २००६ मध्ये सोलापूरच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. रानातल्या माणसांचे ऋण त्यांच्या लेखनात जागोजागी दिसते. आपणही ते मान्य करू या, नावानिशी आणि मानधनासह.

आता स्त्रियांविषयी. त्यांच्या कुवतीची चर्चा मला ऐकायचीसुद्धा नाही. ताडोब्यात २० नोव्हेंबर २०२१ रोजी वनरक्षक स्वाती ढुमणे यांचा वाघिणीच्या हल्ल्यात मृत्यू झाला, तेव्हा त्या वाघांच्या खुणांची पाहणी करत पायी फिरत होत्या. त्याच ताडोब्यात आज स्त्रिया मार्गदर्शक म्हणून पर्यटकांना जंगल दाखवतात. आपल्याकडे अडते ते साध्या गोष्टींवर. पहाटे सहाला नदीकाठी जमायचे, त्या वेळी बस नाही. चार तास फिरायचे, वाटेत स्वच्छतागृह नाही. लहान मूल सोबत आणले तर कपाळावर आठ्या पडतात. एखादी नवखी चुकीचे नाव बोलली की चारजण तिला तिथल्या तिथे दुरुस्त करतात, आणि ती पुढच्या वेळी येत नाही. एकटी बाई कॅमेरा घेऊन टेकडीवर गेली तर तिला आधी आजूबाजूच्या माणसांवर लक्ष ठेवावे लागते, पक्ष्यांकडे मग.

म्हणून या व्यासपीठावरून मी काही ठोस गोष्टी मागते. प्रत्येक मंडळाने महिन्यातली एक भ्रमंती पीएमपीच्या थांब्यावरून, बस मिळेल अशा वेळी सुरू करावी. स्वच्छतागृह कुठे आहे, हे आमंत्रणातच लिहावे. मुलांना सोबत आणायला आवर्जून सांगावे. दुर्बीण विकत घेणे अनेकांना परवडत नाही, तेव्हा चार-सहा दुर्बिणी मंडळाच्या मालकीच्या असाव्यात आणि मागेल त्याला वापरायला द्याव्यात. त्रास झाल्यास कोणाशी बोलायचे, त्या व्यक्तीचे नाव आधीच जाहीर असावे. भिगवणला मासेमार बांधव नाव वल्हवत पक्षी दाखवतात, इंदापूरच्या माळावर धनगराला लांडग्याची वाट ठाऊक असते. त्यांना तज्ज्ञ म्हणून बोलवावे, तज्ज्ञाला देतो तेवढेच मानधन द्यावे आणि आपल्या नोंदीत त्यांचे नाव व त्यांच्या बोलीतले पक्ष्याचे नाव लिहावे. पारधी वस्तीवर जाताना उपदेश घेऊन जाऊ नये, आधी ऐकावे.

काहीजण म्हणतील, आम्ही कोणालाच अडवत नाही. दार लोटलेले नाही एवढ्याने कोणी आत येत नाही, मित्रहो. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या हाकलले, त्यांच्या घरी जाऊन बोलावणे करावे लागते.

पुढच्या संमेलनात या व्यासपीठावर एखादी पारधी भगिनी तणमोराविषयी बोलत असावी आणि आपण सर्वांनी वही उघडून ते टिपून घ्यावे, अशी माझी इच्छा आहे. त्यासाठीचा ठराव याच संमेलनात मांडावा आणि एकमताने मंजूर करावा, अशी आपणा सर्वांना कळकळीची विनंती करते आणि थांबते.