हुकावर आकडा असतो, वर्गावर नसतो

(युवक शिबिरातल्या भाषणाचा मजकूर)



आपल्यात शिक्षणावर बोलायचं म्हटलं की माणूस लगेच पुस्तकावर बोलायला लागतो. मी पुस्तकावर बोलणार नाही. ते पुस्तक ज्या छताखाली उघडतं त्या छतावर बोलणार आहे. जिन्यावर, दारावर, विजेच्या वायरीवर बोलणार आहे. कवीला बोलावलं आणि हा जिन्यावर काय बोलतोय, असं कुणाला वाटलं तर वाटू द्या.

मी गोदीत काम करतो. मॅट्रिकच्या पुढं शिकलो नाही. पण गोदीनं मला एक गोष्ट शिकवली. क्रेन किती वजन उचलू शकते याचा आकडा तिच्या अंगावर रंगवलेला असतो. हुकाला, स्लिंगलासुद्धा आपापला आकडा असतो. ठरल्या मुदतीत त्याची तपासणी होते, नोंद होते. वजन आकड्याच्या वर गेलं तर आमचा टोळीतला अंगठेबहाद्दर म्हातारासुद्धा हात वर करून काम थांबवतो. हा आकडा कुणा मालकाला दया आली म्हणून रंगवलेला नाही. त्याच्यामागे १९३४ चा आणि १९८६ चा असे गोदी कामगारांसाठीचे कायदे होते, आणि त्या कायद्यांच्या मागे पेटीखाली चेंगरलेली माणसं आहेत.

आता मला सांगा. आपल्या वस्तीतल्या खासगी शाळेच्या दुसऱ्या मजल्यावर, एका वर्गात किती पोरं बसू शकतात हा आकडा तुम्ही कुठल्या भिंतीवर वाचलाय? लोखंडाच्या पेटीला आकडा आहे. आपल्या पोराला नाही.

माझा भाचा जातो त्या शाळेचं नाव घेत नाही. नावाला इंग्लिश मीडियम. खाली दुकानाचे गाळे, वर वर्ग. जिना एक, आणि तो इतका अरुंद की दोन पोरं दप्तरासकट समोरासमोर आली की एकाला भिंतीला चिकटावं लागतं. शाळा भरली की खालचं लोखंडी शटर अर्ध्यावर ओढतात, पोरं पळून जाऊ नयेत म्हणून. खिडक्यांना जाळ्या, चोर येऊ नये म्हणून. लाल सिलिंडर आहे, पण तो ऑफिसात, कपाटाच्या मागं. माझी बहीण धुणीभांडी करून दर महिन्याला फी भरते. तिनं विचारलं, आग लागली तर पोरं उतरणार कुठून? उत्तर मिळालं, "बाई, पटत नसेल तर दाखला घेऊन जा."

ही भीती पोकळ नाही. घडलेलं सांगतो. १६ जुलै २००४. तामिळनाडूतलं कुंभकोणम. एका खासगी, पण सरकारी अनुदानावर चालणाऱ्या शाळेत सकाळी पोषण आहाराच्या स्वयंपाकघरातली आग छपराला लागली. छप्पर झावळ्यांचं. वरच्या मजल्यावरचे वर्गही झावळ्यांच्या छपराखाली. एकाच इमारतीत एकापेक्षा जास्त शाळा कोंबलेल्या, जिना अरुंद. ९४ लेकरं जळून मेली. प्राथमिकची लेकरं.

त्या शाळेकडे कागद नव्हते असं समजू नका. कागद होते. ३० जुलै २०१४ ला, म्हणजे दहा वर्षांनी, तंजावरच्या कोर्टानं १० जणांना दोषी ठरवलं, ११ जणांना सोडलं. दोषींमध्ये शाळेचा संस्थापक होता, शिक्षण खात्यातली माणसं होती, आणि इमारत ठीक आहे असं लिहून देणारा अभियंताही होता. पुढं २०१७ साली मद्रास हायकोर्टात संस्थापकाची जन्मठेप कमी झाली, काहीजण सुटलेही. कोण सुटला, कोण अडकला, ते वकिलांनी बघावं. मला एवढंच दिसतं की झावळ्यांच्या छपराखाली शेकडो पोरं बसवली होती आणि एका कागदावर ती इमारत ठीक होती. आग लागल्यावर सरकारनं हुकूम काढला, शाळांवरच्या झावळ्या उतरवा. ९४ चिता पेटल्यावर झावळी जळते हे सरकारला कळलं.

१३ एप्रिल २००९ ला सुप्रीम कोर्टानं याच आगीनंतर दाखल झालेल्या याचिकेवर निकाल दिला. शिक्षणाच्या हक्कात सुरक्षित शाळेचा हक्क येतो, असं सांगितलं. शाळेला मान्यता देण्याआधी इमारत तपासा, आग विझवायची साधनं ठेवा, ती चालवायला शिक्षकांना शिकवा. निकाल चांगला आहे. पण निकाल काही जिना चढून वर्गात जात नाही. जातो तो इन्स्पेक्टर. त्याचं आता बघू.

आपल्या महाराष्ट्रात आग प्रतिबंधाचा २००६ चा कायदा आहे. त्याप्रमाणे शाळेनं वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, आगीची साधनं चालू स्थितीत आहेत असं प्रमाणपत्र अग्निशमन दलाकडे द्यायचं. त्याला 'ब' नमुना म्हणतात. पण हे प्रमाणपत्र लिहितो कोण? परवानाधारक खासगी एजन्सी. तिला पैसे कोण देतो? शाळेचा मालक. मुंबईत ३० वर्षांवरच्या इमारतीची मजबुती तपासायची, तिथंही तेच. इंजिनिअर नोंदणीकृत, पण त्याला नेमणार मालक. म्हणजे ज्याला तपासायचं त्याच्याच खिशातून तपासणाऱ्याची मजुरी. सगळेच चोर आहेत असं मी म्हणत नाही. पण ज्याच्या हातून पगार घ्यायचा त्याचा जिना अरुंद आहे असं लिहायला छाती लागते, आणि व्यवस्था छातीवर चालवायची नसते.

गोदीतलाच दाखला देतो. १४ एप्रिल आपल्याला एकाच कारणानं पाठ आहे. पण १९४४ साली त्याच तारखेला मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकिन' बोट फुटली. बोटीत स्फोटकं होती आणि त्याच बोटीत कापसाच्या गासड्या. आग विझवायला गेलेले ६६ अग्निशामक मेले. त्यांच्यासाठी १४ एप्रिल हा देशभर अग्निशमन दिवस पाळतात. ठिणगी कुठून आली यावर लोक बोलत बसतात. पण कापूस आणि दारूगोळा एका पोटात भरला तेव्हाच अर्धी आग लागली होती. चूल आणि झावळी शेजारी ठेवली, एका जिन्यावर तीन मजल्यांची पोरं सोडली, शटर अर्धं ओढलं, की तीच अर्धी आग लागते. तपासणी या अर्ध्या आगीची करायची असते. राख बघायला पंचनामा पुरतो.

इथं मालक एक डाव टाकतो. म्हणतो, तपासणी कडक केली तर शाळा बंद पडेल, तुमचीच पोरं रस्त्यावर येतील. आणि हा डाव खोटा नाही, म्हणूनच तो घातक आहे. मुंबई महापालिका दरवर्षी अनधिकृत शाळांची यादी काढते आणि पालकांना सांगते, इथं पोरं घालू नका. गोवंडी-मानखुर्दच्या बाईनं पोर घालायचं कुठं? यादी काढली की खात्याचे हात धुतले. मान्यतेशिवाय शाळा चालवली तर शिक्षणहक्क कायद्यात एक लाखापर्यंत दंड आहे, नंतर रोजचे दहा हजारांपर्यंत. पण दंड वसूल झाला तरी पोराला बाक मिळत नाही.

म्हणून आपली मागणी नुसती 'बंद करा' ही नाही. तपासा, दुरुस्त करून घ्या, मुदत द्या. आणि बंदच करायची वेळ आली तर आधी जवळच्या पालिका शाळेत प्रत्येक पोराची जागा कागदावर दाखवा, मग कुलूप लावा.

आता काम. त्याच शिक्षणहक्क कायद्यात पालकांची शाळा व्यवस्थापन समिती आहे, पण विनाअनुदानित खासगी शाळा त्यातून वगळल्यात. जिथं फी सगळ्यात जास्त, तिथंच ही समिती नाही. मग आपणच समिती व्हायचं. माहितीच्या अधिकारात दहा रुपयांचा अर्ज अग्निशमन दलाकडे, शिक्षण खात्याकडे टाका. या शाळेचं शेवटचं प्रमाणपत्र कधी आलं, कुठल्या एजन्सीनं दिलं, तुमचा माणूस स्वतः कधी जाऊन आला? तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. आलेलं उत्तर मोठ्या अक्षरात लिहून शाळेच्या गेटसमोर लावा.

दुसरं, मोजपट्टी. राष्ट्रीय इमारत संहितेत शाळेच्या जिन्याची रुंदी किमान दीड मीटर धरली आहे. बाहेर पडायचं दार बाहेरच्या बाजूला उघडलं पाहिजे. सिलिंडरवर भरल्याची तारीख असते, काटा हिरव्या पट्ट्यात असावा लागतो. हे बघायला इंजिनिअर लागत नाही. आठवी पास पोरगी हे बघू शकते.

ज्यांना यायचंय त्यांनी नावं द्या. प्रत्येकानं आपल्या वस्तीतली एक शाळा घ्यायची. आणि रविवारी जाऊ नका. रविवारी जिना रिकामा असतो, मोठा वाटतो. शाळा सुटते त्या वेळेला जा, जिन्याच्या खाली उभे राहा, आणि शेवटचं पोर बाहेर यायला किती मिनिटं लागतात ते घड्याळ लावून लिहून आणा.

जय भीम.