पिंपळे सौदागरचे बांध

पुण्याजवळच्या पिंपळे सौदागरात आज जमिनीचा हिशेब चौरस फुटांनी होतो. परंतु शंभराहून अधिक वर्षांपूर्वी पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्रिन्सिपॉल डॉ. हॅरॉल्ड मान यांनी जेव्हा या खेड्याची घरोघर, शेतोशेत पाहणी केली आणि जुनी दप्तरेही धुंडाळली, तेव्हा त्यांना असे आढळले की 1771 साली सरासरी 40 एकर असलेली खातेदाराची जमीनधारणा 1818 पर्यंत साडेसतरा एकरांवर आणि 1915 च्या सुमारास अवघ्या 7 एकरांवर आली होती. तीही एका जागी नव्हे. एक पट्टी ओढ्याकाठी, एक माळावर, कारण प्रत्येक वाटणीत भावाभावांना चांगल्या जमिनीतला वाटा हवा आणि वाईटातलाही सारखा हवा. हे सारे 1917 साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले आणि दप्तरात निजलेले आकडे मुंबईच्या कायदे कौन्सिलात बोलू लागले.

कुटुंबाचा निर्वाह ज्या जमिनीवर समाधानकारक रीतीने होईल ती किफायतशीर धारणा, अशी मानसाहेबांची व्याख्या होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1918 च्या आपल्या लेखात नेमके यावरच बोट ठेवले. जमीन लहान की मोठी हे खाणाऱ्या तोंडांवरून ठरवावयाचे, की तीवर राबणारे हात, बैल, अवजारे आणि भांडवल यांच्या प्रमाणावरून? त्यांचे निदान असे, की शेतीवर माणसांचाच भार फार झाला आहे. तो उद्योगधंद्यांनी हलका केल्यावाचून तुकडे जोडून काही साधणार नाही. 1927 साली मुंबई कौन्सिलात लहान धारणांचे बिल आले तेव्हा त्यांनी त्यास विरोध केला, आणि ते बिल मागे पडले.

तरीही 1947 साली तुकडेबंदीचा व एकत्रीकरणाचा कायदा झालाच. मला वाटते, यात सरकारचा स्वभाव दिसतो: गुंठे मोजता येतात, मोजणीदार हाताशी असतो, प्रमाणभूत क्षेत्र ठरवून त्याखालच्या तुकड्याची खरेदीविक्री बेकायदा ठरविणारा हुकूम काढता येतो, गावातले जास्तीचे हात कोठे न्यावेत, याला मात्र महसूल खात्यात रकाना नाही. (खेड्यात जाऊन पाहणी करणारा विद्वान जे विचारतो, त्यातले अंमलदाराला पेलण्याजोगे तेवढेच पुढे सरकते.)

कायद्याने भावांची वाटणी थोडीच थांबते? माझ्या पाहण्यातल्या एका सातबाऱ्यावर नऊ नावे आहेत. कागदावर गट एकच, सामायिक, आणेवारीसह. प्रत्यक्ष शिवारात मात्र चार बांध पडले आहेत, विहिरीवर वारांची पाळी लागली आहे, आणि रविवारचे पाणी कोणाचे, यावरून दोघा सख्ख्या भावांत गेली तीन वर्षे बोलणे नाही.