एक मूठ, दोन कार्बोरेटर



युनियनचा माणूस व्यासपीठावर आला म्हणजे तो बोनसवर बोलणार, असे आपण धरून चालला असाल. मी आज जुन्या मोटारसायकलीच्या कार्बोरेटरविषयी बोलणार आहे. मी इंजिनिअर नव्हे. आठवीत शाळा सुटली. पुढचे सारे कारखान्यात शिकलो.

गाडी राजदूत ३५०. यामाहाच्या आरडी ३५०वरून एस्कॉर्ट्सने १९८३ पासून काही वर्षे ती आपल्याकडे बनवली. टू-स्ट्रोक, दोन सिलिंडर, प्रत्येकाला स्वतंत्र कार्बोरेटर. मूठ मात्र एकच. गेटसभांना वेळेवर पोचता यावे म्हणून जुनी गाडी घेतली, असे मी घरी सांगितले. खरे कारण तिचा आवाज.

घेतल्यावर स्वस्थ बसवेना. हवेची मूळ पेटी काढून मी दोन उघडे फिल्टर लावले. गाडी अशी तरतरीत झाली की विचारू नका! आठवड्याने नाशिक रस्त्यावर उजवा पिस्टन सिलिंडरमध्ये जाम झाला आणि मागचे चाक एकाएकी अडले. क्लच वेळेवर दाबला गेला म्हणून वाचलो. मागे बसलेल्या सहकाऱ्याने त्यानंतर एसटीच पसंत केली.

आमच्या कारखान्यातल्या एका कामगाराने दोन्ही प्लग काढून माझ्या हातावर ठेवले. डावा फिकट विटकरी, उजवा चुन्यासारखा पांढरा. पेट्रोलच्या वजनाच्या सुमारे पंधरापट हवा इंजिनाला लागते. पेटी काढली की हवेची वाट मोकळी होते, जेटमधून पेट्रोल ओढणारा जोर घटतो आणि पेट्रोल कमी पडते. फसगत अशी की, किंचित उपाशी इंजिन आधी चपळ वाटते आणि मग तापते. त्यात माझी उजवी स्लाइड डावीच्या आधी उठत होती. म्हणजे काम जास्त त्याच सिलिंडरला आणि खुराक कमी! हा प्रकार मला चांगलाच ओळखीचा होता.

त्याने दोन सारख्या जाडीचे ड्रिल दोन्ही स्लाइडखाली सरकवले आणि दोन्ही एकाच क्षणी सुटतील अशा बेताने केबली जुळवल्या. सुईची क्लिप एक खाच खाली घेतली. त्याने सुई वर उठते आणि मधल्या वेगाला पेट्रोल वाढते. मेन जेट मुद्दाम मोठे बसवले, मग पायरीपायरीने उतरवले. हवेचा स्क्रू हलकेच पूर्ण बंद करून दीड फेरा उघडला. प्रत्येक फेरीत नवे प्लग. भर वेगात क्लच दाबून इंजिन बंद, आणि तिथेच रस्त्याकडेला प्लगांचा रंग पाहायचा. कानावर त्याचा विश्वास नव्हता.

चार रविवार गेले. त्या माणसाचा हुद्दा हजेरीपत्रकात ‘हेल्पर’ होता. तो ‘फिटर’ करून घ्यायला मला दोन वर्षे लागली. कार्बोरेटर त्यामानाने सोपा.

जुळणी मे महिन्यातली होती. जानेवारीच्या पहाटे हवा दाट होते, पेट्रोल पुन्हा कमी पडते. हल्ली पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. त्यात स्वतःचाच प्राणवायू असल्याने जेट आणखी एक पायरी मोठे लागले. परवाच बदलले. प्लग दोन्हीकडे विटकरी आहेत. खिशात आणले आहेत, ज्यांना पाहायचे असतील त्यांनी नंतर पाहावेत.